आयटीचे शेअर घेताय? आधी झोपेचं बघा

सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर घ्यायचाय ना, मग ती कंपनी नेमकं काय बनवते हे बघायच्या भानगडीत पडूच नका. बॅलन्स शीट तर उघडायचीच नाही, उगाच डोळ्यांना त्रास. त्यापेक्षा एक घड्याळ वॉशिंग्टनच्या वेळेला लावून ठेवा. फेडच्या, म्हणजे अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेच्या, व्याजदर ठरवायला वर्षातनं आठ मीटिंगा ठरलेल्या असतात, निर्णय तिकडे दुपारी दोनला येतो म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकरा आणि थंडीत साडेबारा, त्यानंतर अर्ध्या तासाने चेअरमन पत्रकारांपुढे येतात आणि तुम्ही पांघरुणात मोबाईल घेऊन, ब्राइटनेस कमी करून, त्यांनी 'बट' म्हटलं की 'हाउएव्हर' यावर कान लावून बसायचं.

कुणी अतिशहाणा विचारेल की व्याजदराचा आणि कोडिंगचा काय संबंध. त्याला हिशोब सांगा. नवी कंपनी आज तोट्यात, खरा नफा १० वर्षांनी. तेव्हा मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत २ टक्के व्याज धरून काढली तर ८२ रुपये, ५ टक्के धरून काढली तर ६१. कोडची एक ओळ बदलली नाही, एक माणूस नोकरी सोडून गेला नाही, आणि २१ रुपये हवेत! बिस्किटवाल्या कंपनीला हे एवढं झोंबत नाही, कारण तिचा नफा आज संध्याकाळीच चहात बुडतो.

खरेदीची योग्य वेळ म्हणजे व्याज शून्याजवळ असताना, सगळं महाग झाल्यावर. व्हिडिओ मीटिंगवाल्या झूमचा शेअर ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० डॉलरच्या वर होता, २०२२ संपताना ७० च्या खाली. लॉकडाऊन उठून शाळा उघडल्या हाही दोष आहेच म्हणा, पण शाळेला शिव्या घालून समाधान मिळत नाही, फेडला घालून मिळतं. २०२१ मध्ये बराच काळ फेडवाले म्हणत राहिले की महागाई तात्पुरती आहे. आपल्याकडे रस्ता खणल्यावर 'तात्पुरती गैरसोय' असा बोर्ड लावतात ना, अगदी तीच तात्पुरती. मग मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये ११ वेळा व्याजदरात वाढ, पाव टक्क्यावरनं थेट साडेपाच.

मी हुशारीने जानेवारी २०२२ मध्येच एका मिडकॅप, म्हणजे मध्यम आकाराच्या, आयटी कंपनीचा शेअर घेऊन ठेवला होता. म्हटलं आपल्या कंपन्या नफ्यातल्या, कर्ज नाही, आपल्याला काय धाड भरलीय! पण गिऱ्हाईक अमेरिकन, तिकडच्या बँकेने प्रोजेक्ट पुढे ढकललं की इकडे हिंजवडीत बिनकामाच्या पोरांनी बेंच भरतो. २६ ऑगस्टला जॅक्सन होलच्या अर्थपरिषदेत फेडचे तेव्हाचे चेअरमन पॉवेल जेमतेम आठेक मिनिटं बोलले आणि त्या दिवशी अमेरिकेचा शेअर निर्देशांक डाऊ हजार पॉइंट खाली. आठ मिनिटांत माझा कुकरसुद्धा होत नाही. त्या वर्षी आपल्या आयटी शेअरांचा निर्देशांक, निफ्टी आयटी, चौथाईभर खाली गेला.

कारणं मात्र दोन्ही खिशांत तयार ठेवा. दर वाढला, डॉलर वधारला, आयटीची कमाई रुपयात वाढणार, घ्या. दर वाढला, गिऱ्हाइकाने हात आखडला, विका. दर कमी झाला तर ग्रोथ शेअर, म्हणजे उद्याच्या नफ्यावर आज भाव खाणारे, पळणार, घ्या, आणि दर कमी केला म्हणजे अमेरिकेत नक्की काहीतरी बिनसलंय, विका. टीव्हीवरचा सूटवाला हे चारही एकाच आठवड्यात म्हणतो आणि दर वेळी 'मी म्हटलंच होतं' असंही म्हणतो.

आणि घराचं लोन फ्लोटिंग, म्हणजे दराबरोबर हप्ता हलणारं, ठेवा म्हणजे आरबीआयही नाराज व्हायला नको. ४ मे २०२२ ला त्यांनी मीटिंगची तारीख नसताना मध्येच रेपो, म्हणजे बँकांना कर्ज देण्याचा दर, ०.४० टक्क्यांनी वाढवला. शेअर फेडने पाडला, हप्ता आरबीआयने वाढवला, मृदंगासारखा दोन्हीकडून वाजलो.

या सगळ्यात सासरेबुवांनी काय केलं? बँकेत गेले, सात टक्क्यांची एफडी केली, येताना कोथिंबीर घेऊन आले. हल्ली जेवताना आमटी वाढता वाढता विचारतात, 'जावईबापू, तुमचे पॉवेलसाहेब काय म्हणत होते त्या वर्षी?' पुढच्या मीटिंगला त्यांनाही जागवावं म्हणतो, पण ते साडेनवालाच घोरायला लागतात.