थेंबाचा माग

फ्लशच्या टाकीतला बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा नळ, बदलणे हे वाटते तितके अवघड काम नाही. अवघड असते ते काम संपवून, हात धुऊन, घरच्यांना बोलावून यशस्वी प्रात्यक्षिक दाखवल्यानंतर टाकीच्या तळाखालच्या नटावर जो एक थेंब हळूहळू आकार घेऊ लागतो, त्याच्याकडे निर्विकार चेहऱ्याने पाहणे. धो धो गळती एक वेळ परवडते, कारण ती निदान लपत तरी नाही. हा थेंब मात्र आपण टक लावून बसलो असताना पडतच नाही आणि पाठ फिरवली की टपकतो.

घरातल्या सर्वांचे निदान एकच होते: "अजून थोडं आवळा." हा सल्ला द्यायला वाकून पाहण्याचीही गरज नसते. वास्तविक प्लास्टिकचा नट हाताने घट्ट बसवून वर पाव फेरा दिला की पुरे होते. पान्याने पराक्रम गाजवला तर आटे तरी जातात किंवा चिनी मातीच्या टाकीला तडा तरी जातो, आणि मग थेंबाचा प्रश्न मिटून पुराचा सुरू होतो. दुसरा आग्रह टेफ्लॉन टेपचा होता. १९३८ साली रॉय प्लंकेट यांना अपघातानेच सापडलेल्या या पदार्थाविषयी मला आदर आहे; परंतु टाकीच्या भोकापाशी पाणी अडवते ते रबरी वॉशर, आटे नव्हेत, त्यामुळे तेथे टेप गुंडाळणे म्हणजे दार सताड उघडे ठेवून खिडकीला कडी लावणे होय.

मग मी टाकीत खाण्याचा लाल रंग ओतला आणि खाली कोरडा पांढरा कागद अंथरला. थेंब रंगीत पडला तर तो टाकीतला. बिनरंगी पडला तर तो टाकीत शिरण्यापूर्वीच्या जोडातला, किंवा दमट हवेत गार टाकीला फुटलेला नुसता घाम. (फ्लश न करताच रंग भांड्यात उतरला असता, तर आतला फ्लॅपर, म्हणजे पाणी भांड्यात सोडणारी रबरी झडप, हाही संशयितांत आला असता.) तोवर फ्लशला हात लावण्यास मनाई असल्याने घरात जी अस्वस्थता पसरली, तिचे वर्णन टाळलेले बरे. अखेर कागदावर लाल ठिपका उमटला आणि मी आनंदाने असा ओरडलो, की पत्नी मलमपट्टीची पेटी घेऊनच धावत आली.

टाकीकडे येणाऱ्या पाण्याचा अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी केली, नट काढला. वॉशर निर्दोष होते. दोष होता तो भोकाभोवती साचलेल्या क्षारांच्या खरबरीत कड्याचा, ज्यावर नवे वॉशर सपाट बसूच शकत नव्हते. व्हिनेगरने भिजवून ते कडे खरवडले, सर्व पुन्हा बसवले आणि नट हातानेच आवळला, हे पाहून प्रेक्षकांची फार निराशा झाली.

थेंब थांबला आहे. तरीही अंघोळ करून बाहेर पडणारा प्रत्येक जण स्वतःच्याच ओल्या पावलांकडे बोट दाखवत, "पुन्हा गळतंय वाटतं," असे मला कळवून जातो.