खुलासा : चित्रातले नानासाहेब पानिपतचे नव्हेत

‘पानिपतच्या धक्क्याने खचलेले नानासाहेब पेशवे’ या ओळीसह एक काळे-पांढरे चित्र फिरत आहे. मजकूर आणि चित्र दोन वेगळ्या माणसांचे आहेत.

पानिपतच्या वेळचे नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव. जन्म १७२०, पेशवेपद १७४० पासून, मृत्यू जून १७६१, पुण्यात पर्वतीवर. चित्र मात्र ब्रह्मावर्ताच्या (कानपूरजवळच्या बिठूरच्या) धोंडोपंत ऊर्फ नानासाहेबांचे म्हणून छापलेले. ते दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र, जन्म १८२४. वडिलांचे सालिना आठ लाखांचे पेन्शन ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना नाकारले. १८५७ च्या उठावात त्यांचे नाव गाजले, आणि इंग्रजी सचित्र साप्ताहिकांनी त्यांची चित्रे छापली. ती कितपत हुबेहूब, हा वेगळाच वाद.

चित्र मोठे करून पाहा. गालावरची सावली रंगाची नाही, बारीक आडव्या-उभ्या रेघांची आहे. ही लाकडी ठशावरची कोरीव छपाई. मोठा ठसा अनेक तुकडे जोडून होई, म्हणून कधी सांध्याची पुसट पांढरी रेघही दिसते. खालची इंग्रजी नावाची ओळ बहुधा कापलेली असते, घोटाळा तिथेच सुरू होतो. कुठे ‘दुर्मिळ फोटो’ म्हटले असेल, तर छायाचित्रणच १८३९ मध्ये जाहीर झाले.

नाना फडणीस तर तिसरेच!