पाव, द्राक्षरस आणि आत्याचा फॉरवर्ड

परवा पोळ्या लाटता लाटता मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, पोरीला उद्यापासून त्या अभ्यासिकेत पाठवत नाही. तुमच्या आत्याच बोलल्या, तिथं बाटवतात म्हणून."

पोरगी दहावीत. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि एक टीव्ही, म्हणून संध्याकाळी सात ते नऊ ती नाशिकमधल्या शरणपूरकडच्या एका चर्चच्या हॉलमध्ये अभ्यासाला बसते. वर्षभर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग आत्याच्या भजनाच्या ग्रुपवर 'जागा हो नाशिककर' हा फॉरवर्ड आला. सहा मुद्दे, अकरा उद्गारचिन्हं, शेवटी हात जोडलेले. आत्या पंचांगसुद्धा एवढ्या श्रद्धेने वाचत नाही.

त्या मजकुराचा सूर असा की ही चर्चची मंडळी प्रार्थना कमी आणि समाजकार्य जास्त करते, म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं आहे.

सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करते, कारण मावशी घाबरल्या त्या यालाच. म्हणे अभ्यासिकेत मुलांना द्राक्षरसात बुडवलेला पाव देतात आणि तो पोटात गेला की माणूस कायद्याने ख्रिस्ती होतो.

द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून द्राक्षरसाला घाबरायचं म्हणजे कमाल आहे. अगं आत्या, त्या विधीला प्रभुभोजन म्हणतात. तो उपासनेत होतो, पाळकांच्या हातून. आणि बाप्तिस्मा न झालेल्याला ते तो पाव देतच नाहीत! या मंडळीत तर बाप्तिस्मा झालेल्या मुलांनाही दृढीकरण (जाणत्या वयात श्रद्धेची स्वतः दिलेली कबुली) होईपर्यंत थांबावं लागतं. आमच्या शेजारचा बारा वर्षांचा मुलगा पाळण्यात असल्यापासून ख्रिस्ती आहे, तरी त्या वेळी बाकावर हात बांधून बसून राहतो आणि घरी येऊन कुरकुरतो. म्हणजे जे ख्रिस्ती झाल्यावर मिळतं, ते खाऊन माणूस ख्रिस्ती होतो, असं हा फॉरवर्डवाला सांगतोय. लग्नाच्या पंगतीत जेवलेल्या प्रत्येकाला नवरदेव म्हणण्यातला हा प्रकार.

अभ्यासिकेत मिळतो तो चहा आणि पार्ले-जी. मी स्वतः दोन महिने दर गुरुवारी तिथे इंग्रजी व्याकरण शिकवलंय. भिंतीवर क्रूस आहे, हे खरं. त्याच्या शेजारी मूलद्रव्यांचा तक्ता आहे आणि पोरांचं त्याच्याकडेही लक्ष नसतं.

आता आरक्षण. मुद्दा असा की हे लोक बाप्तिस्मा घेतात, लपवतात आणि अनुसूचित जातीच्या सवलती खातात. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५०, परिच्छेद ३ वाचा. चार ओळींचा आहे, फॉरवर्डपेक्षा लहान. हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) सोडून दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जात नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीत नोकरीसाठी असा दाखला मागणाऱ्या, ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या बाईंचा दावा फेटाळला तो याच कारणावरून. लपवणारे असतीलही, पण नियम नेमका उलट्या बाजूचा आहे.

पहिला मुद्दाही इथेच निकालात निघतो. तांदळाचं पोतं देऊन दलित कुटुंबांना ख्रिस्ती करतात म्हणे. ज्या घरातल्या पोरीची अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती आणि पोराची राखीव जागा त्या एका सहीने जाणार, ते घर महिनाभराच्या तांदळावर सही करेल? गरीब माणसाला हिशोब येत नाही, असं समजणारी माणसंच असलं लिहितात.

आदिवासींचं तसं नाही, हेही सांगते, नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगेलच. अनुसूचित जमातीच्या आदेशात धर्माची अट नाही. म्हणजे मावशींसारख्या पेठच्या कोकणा कुटुंबाने उद्या धर्म बदलला तरी त्यांचा दाखला केवळ त्या कारणाने जात नाही. हा कायदा आहे, लबाडी नाही. आवडत नसेल तर खासदाराला पत्र लिहा. पोळ्या करणाऱ्या बाईला धमकावू नका.

'दहा वर्षांत जिल्हा ख्रिस्ती' यावर फार शाई घालवत नाही. जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती २००१ साली १.०९ टक्के होते, २०११ साली ०.९६. टक्का घटला.

परदेशी पैसा? तो घ्यायला परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरतो, सरकारच्या डोळ्यांदेखत. या मंडळीच्या हंगामाच्या सणाला, म्हणजे लोकांनी आणलेली पिकं चर्चसाठी लिलावात विकतात त्या सणाला, मी गेले होते. एका दुधीभोपळ्याचा लिलाव साडेचारशेपर्यंत चढला आणि त्यातून अभ्यासिकेचे पंखे आले. कोट्यवधी येत असते तर पत्र्याखाली बादली ठेवावी लागली नसती.

शेवटचा आरोप मात्र खरा आहे: हे लोक राजकारण करतात. करतात! छाटणीला पेठ-सुरगाण्याहून बागांवर येणाऱ्या मजुरांना मजुरीचा हिशोब मांडून देतात, वनहक्काचे (कसत असलेल्या वनजमिनीवरचे) दावे भरून देतात. २००६ च्या वनहक्क कायद्याचे हेच दावे घेऊन २०१८ च्या मार्चमध्ये हजारो माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली, तेव्हा त्यांना कुणी बाप्तिस्मा दिला होता? पाळक प्रवचनात बायबलमधला, गरिबांना पिळणाऱ्यांना झापणारा आमोस संदेष्टा काढतात आणि थेट किमान वेतनावर येतात. मंडळीतलेच दोन बागाईतदार त्यावरून फुगून मागच्या बाकावर गेलेत.

बरं, एक मान्य करते, नाखुशीने. तेल लावून कॅन्सर बरा करणाऱ्या चंगाई सभा होतात आणि त्यांच्याबद्दल संताप असणं रास्त आहे. शरणपूरचा इतिहासही अगदी निर्मळ नाही. एकोणिसाव्या शतकात अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं मिशनने इथे सांभाळली, त्यांना सुतारकाम, लोहारकाम शिकवलं आणि बाप्तिस्माही दिला. त्या पोरांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत वारलेल्या शोधक-मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर लंडनपर्यंत गेला. पोरं वाचली, शिकली आणि त्यांची निवड हिरावली गेली, हे सगळं एकदमच खरं आहे. पण दीडशे वर्षांपूर्वीचा तो हिशोब आता दहावीतल्या पोरीकडून वसूल करायचा?

आत्या, हे सगळं तुला पाठवलंय. निळ्या खुणा आल्यात, म्हणजे वाचलंस. ग्रुपवर टाक किंवा नको टाकूस. पण मावशींना जे सांगितलंस ते तुलाच परत घ्यावं लागेल, माझं त्या ऐकत नाहीत. उद्या अकराला येतात. पोरीचं बीजगणित वर्गसमीकरणांवर अडलंय.