शिव्या खाल्ल्याशिवाय कर्नल डेव्हलपर होत नाही म्हणे!

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा (म्हणजे कर्नल) बनवणारा लिनस टोरवाल्ड्स शिव्या घालतो म्हणून लिनक्स टिकलं, युरोपियन माणूस तोंडावर बोलतो, आपली पोरं नाजूक, आणि वागण्या-बोलण्याची आचारसंहिता आली की प्रोजेक्ट संपला, अशा अर्थाचा एक फॉरवर्ड इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या भाचीने तो वाचला आणि तयार ठेवलेला पहिला पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) पाठवलाच नाही. म्हणाली, मामा, तिथे चारचौघांत लाज काढतात.

आधी ते शिव्यांमुळे क्वालिटीचं. पुरावा म्हणून डिसेंबर २०१२ चा ईमेल दाखवतात, ज्यात लिनसने एका जुन्या मेंटेनरला (कर्नलचा एखादा भाग सांभाळणाऱ्याला) "तोंड बंद कर" म्हणत झापलं होतं. अरे पण त्यातला मुद्दा काय होता ते तरी वाचा! कर्नलमधल्या बदलाने आधी नीट चालणारा प्रोग्रॅम बिघडला तर तो कर्नलचा बग, खापर प्रोग्रॅमवर फोडायचं नाही. शिवी काढून टाका, नियम तेवढाच कडक राहतो की नाही?

आणि ज्याच्या नावावर हे खपवताय तो स्वतः काय म्हणतो? २०१३ मध्ये त्याने मी प्रोफेशनल वगैरे वागणार नाही असं ठणकावून सांगितलं होतं, खरंय. पण १६ सप्टेंबर २०१८ ला कर्नलच्या ४.१९ आवृत्तीच्या आरसी४ (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती) सोबतच्या ईमेलमध्ये त्यानेच लिहिलं की ईमेलमधून लोकांवर केलेले हल्ले अनप्रोफेशनल आणि अनाठायी होते, माफी मागितली आणि वागणं सुधारायला मदत घ्यायची म्हणून ब्रेक घेतला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे सोयीस्करपणे गाळलंय. सेज शार्प यांचंही गाळलंय. लिनक्समधला यूएसबी ३.० चा ड्रायव्हर त्यांनी लिहिला, त्यांनी २०१३ मध्ये या भाषेला उघड विरोध केला आणि २०१५ मध्ये याच वातावरणामुळे कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं. असा माणूस गमावून कुठली क्वालिटी वाढली, सांगा ना.

युरोपियन कल्चर म्हणे. युरोप काय एकच गाव आहे? लिनस फिनलंडचा, राहतो कित्येक वर्षं अमेरिकेत. तिकडे कर्नलचाच एक मोठा मेंटेनर ग्रेग क्रोह-हार्टमन अमेरिकन, तोही पॅच दोन ओळींत परत पाठवतो, पण बोलतो पॅचबद्दल, पाठवणाऱ्याच्या अकलेबद्दल नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. आपल्याकडे "हो हो, बघतो" म्हणून चूक झाकायची सवय आहे, सीनियरचा कोड चुकलाय हे मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही आणि मग तोच बग क्लायंटकडे जाऊन फुटतो. तर स्पष्ट बोलायला शिकायलाच हवं. "हे लॉक चुकीच्या जागी घेतलंयस, डेडलॉक होईल, परत पाठव" हे झालं स्पष्ट, यात कोणाची लाज निघत नाही.

राहता राहिला प्रोजेक्ट संपल्याचा मुद्दा. आचारसंहिता आली त्याच सप्टेंबर २०१८ मध्ये, ४.१९ ग्रेगने ऑक्टोबरमध्ये रिलीज केलं, लिनस परत आला, मार्च २०१९ ला ५.० आलं, आणि तेव्हापासून दर नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नल येतंच आहे.