‘वडिलोपार्जित जमिनीला मुदत नसते’ या हरकतीबाबत

चोपडा तालुक्यातील वाचकहो, मृत्युपत्राविरुद्ध दावा लावायला ३ वर्षेच असतात असे लिहून मी बहिणींना उगाच घाबरवले, वडिलोपार्जित जमिनीला मुदत नसते, असा आपला आक्षेप आहे. त्यातला एक भाग मला मान्य आहे. ‘वडिलांच्या मृत्यूपासून ३ वर्षे’ हे माझे वाक्य चूक होते. मुदत कायदा, १९६३ मधील अनुच्छेद ५९ प्रमाणे दस्त रद्द करून मागण्याची ३ वर्षे, तो रद्द होण्याजोगा आहे हे दाखवणारी हकिकत वादीला कळल्या दिवसापासून मोजतात.

मुदतच नसते, हे मात्र अर्धेच खरे आहे. वाटपाच्या दाव्याला ठरावीक मुदत नाही, कारण एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांचा ताबा समजला जातो. भावाने एकट्याने २० वर्षे केळी लावली, तेवढ्याने बहिणीचा हिस्सा बुडत नाही. परंतु एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळले आहे हे तिला कळले, की अनुच्छेद ११० ची १२ वर्षे सुरू होतात. हक्काच्या आधारे ताबा मागायचा असेल, तर समोरच्याचा ताबा विरोधी, म्हणजे आपला हक्क नाकारणारा, झाल्यापासून १२ वर्षे मिळतात, आणि ती उलटली की कलम २७ मुळे दाव्याबरोबर मालकीही जाते. तेव्हा आपण कोर्टाकडे नेमके काय मागतो, यावर मुदत ठरते.

आता ‘कळले’ हे सिद्ध कसे होते ते सांगतो, कारण दावे इथेच अडतात. एका प्रकरणात बहिणीने शपथेवर सांगितले की मृत्युपत्राची माहिती तिला गेल्या वर्षीच झाली. उलटतपासात भावाच्या वकिलांनी फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील नाव बदलाची, संचिका उघडली. त्यात तलाठ्याची नोटीस होती, नोटिशीत मृत्युपत्राचा उल्लेख होता आणि खाली बहिणीची सही होती, ६ वर्षांपूर्वीच्या तारखेसह. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली असताना, भाऊ म्हणाला म्हणून, तिने ती न वाचता केली होती. फेरफाराने मालकी मिळत नाही, ती नोंद महसुलापुरती असते, हे आपण लिहिलेत ते बरोबरच आहे. पण त्याच फेरफाराच्या कागदावरची तारीख दिवाणी कोर्टात पुरावा म्हणून उभी राहते.

आपल्याकडे हा गैरसमज का रुजला, याचा माझा अंदाज असा. फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्याकडे अपिलाची मुदत ६० दिवसांची असली, तरी विलंब माफीचा अर्ज जोडून पुष्कळ उशिराची अपिलेही दाखल होतात, आणि लोकांना वाटते की सगळीकडे तसेच चालते. दिवाणी दाव्याला विलंब माफी नाही. मुदत कायद्याचे कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, मूळ दाव्याला नाही. उलट कलम ३ प्रमाणे प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने फेटाळायचा असतो. मृत्युपत्र लबाडीने दडवले असेल, तर कलम १७ खाली ती लबाडी उघडकीस आल्यापासून मुदत धरतात. वादी अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान नसलेला, असेल तर त्याचाही वेगळा विचार होतो.

राहिला ‘वडिलोपार्जित’ हा शब्द. आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जित, असे आपण गृहीत धरले आहे. ती आजोबांची स्वकष्टार्जित असेल आणि १९५६ नंतर त्यांचे वारस म्हणून वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतःची धरली जाते आणि तिचे मृत्युपत्र ते करू शकतात. जमीन खरोखरच एकत्र कुटुंबाची असेल, तर त्यांना केवळ स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते.

त्यामुळे आपल्या बहिणीच्या बाबतीत मत देण्याआधी मला दोन कागद लागतील: जमीन आजोबांकडे कशी आली तो जुना फेरफार, आणि वडिलांच्या मृत्यूनंतरच्या फेरफाराची नोटिशीसह नक्कल. ते चुकीचे वाक्य मूळ लेखात आज बदलले असून, बदल आपल्या हरकतीमुळे झाला हेही तिथे नमूद केले आहे.