‘रोज चाला’ एवढे सांगून भागत नाही

आईला मधुमेह असल्याचे निदान झाले, तेव्हा आम्ही घरातल्या सगळ्यांनी तिला काय काय सांगितले ते आठवले की आज ओशाळल्यासारखे होते. भात कमी कर, चहात साखर नको, आणि मुख्य म्हणजे रोज सकाळी चालायला जात जा. मी घरात सांगत होतो, धाकटा भाऊ पुण्याहून फोनवर सांगत होता, तिच्याबरोबर मात्र कोणीच जात नव्हते. जिने तीस-बत्तीस वर्षे मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून रोज हजार-हजार विड्या वळल्या, जिचे ‘फिरायला जाणे’ वर्षातून एकदा आमच्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेपुरते होते, तिने साठीत अचानक पायांत बूट घालून तलावाकाठी झपाझप चालू लागावे, अशी आमची अपेक्षा होती. ती चार दिवस गेली आणि थांबली. आम्ही तिला आळशी ठरवून मोकळे झालो.

मग एका रविवारी मीच तिला सिद्धेश्वर तलावाकडे घेऊन गेलो, आणि त्या दिवशी जे झाले त्यात चूक सर्वस्वी माझी होती. तिने सकाळची ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी, गोळी घेतली होती आणि ‘आल्यावर नाश्ता कर’ म्हणून मी तिला तशीच बाहेर काढले होते. थोडे अंतर चाललो असू, ती बोलता बोलता थांबली आणि पदराने कपाळ पुसू लागली. ऊन अजून चढले नव्हते, तरी तिचा गळा घामाने भिजला होता आणि बांगड्यांचा आवाज यावा इतके हात थरथरत होते. मी विचारले तर म्हणाली, ‘काही नाही रे, जरा बसू दे.’ माझ्या आधी ते चहाच्या गाडीवाल्याच्या ध्यानात आले. साखरेचा डबा पुढे करून तो म्हणाला, ‘आमच्या वडलांना पण होतंय असं. आधी साखर द्या, चहा नंतर.’

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज पडल्यास पुन्हा द्यावी, हे मी त्या दिवसानंतर शिकलो. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या घेणाऱ्यांना साखर अशी एकदम उतरण्याचा धोका असतो. मधुमेहाची नुसती मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांना सहसा नसतो. म्हणूनच ‘चालू का’ याबरोबर ‘माझ्या औषधावर कधी आणि काय खाऊन चालू’ हेही डॉक्टरांना विचारायला हवे, आणि ते विचारायला घरातल्या कोणीतरी बरोबर जायला हवे. दवाखान्यात आईसारखी माणसे मान डोलावून बाहेर येतात.

मुद्दा असा की, मधुमेही माणसाला चालते ठेवणे हे एकट्या त्या माणसाचे काम नाही. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासात आहे. एवढ्या लोकांच्या हाती फक्त सल्ला देऊन आपण निजायला जाणे मला पटत नाही.

शिवाय हा सल्ला आपल्याकडे देतात तोही अर्धवट. हालचाल करताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीवाचूनही आत ओढून घेतात, आणि त्यानंतर इन्सुलिनला शरीर जो जास्त चांगला प्रतिसाद देते, तो एक-दोन दिवस टिकतो. म्हणून आठवड्याला किमान १५० मिनिटे असे सांगतानाच, सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नका, असेही सांगतात. यात पहाट कुठेच नाही, बागही नाही. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटे जेवणामुळे वाढणारी साखर आवरायला चांगलीच उपयोगी पडतात. एप्रिल-मे महिन्यांत बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या सोलापुरात ज्याला सकाळी जमत नाही, त्याने रात्री जेवून गल्लीत फिरावे. जी बाई अजून विड्या वळते, तिला दर अर्ध्या तासाने उठवून दारापर्यंत जायला लावावे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे हाही व्यायामच आहे, आणि मांड्यांच्या स्नायूंना तो हवाच असतो.

पायांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे आपली श्रद्धा आडवी येते. कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते आणि त्यांतले कितीतरी जण अनवाणी असतात. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते. खडा रुतलेला, फोड फुटलेला कळतच नाही, आणि ती जखम पुढे चिघळते. आमच्या एका नातेवाइकांचा अंगठा असाच गेला. नवस करणाऱ्याला मी अडवणार नाही, पण आई जगदंबा पायांत चप्पल घातलेल्या लेकराला माघारी पाठवील असे मला वाटत नाही. रात्री तळवे पाहणे हे काम आमच्याकडे माझ्या मुलीचे आहे, कारण आजीला वाकून दिसत नाही.

महापालिकेकडे माझे मागणे फार मोठे नाही. उघड्यावरच्या व्यायामाच्या यंत्रांचे कौतुक पुरे. फिरण्याच्या वाटेवर दर शे-दोनशे पावलांवर बसायला बाक, संध्याकाळी पुरेसा उजेड आणि बायकांसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह द्या. मधुमेहात लघवीला वारंवार लागते, हे बाग आखणाऱ्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. शेवटची सोय नाही म्हणून आईच्या वयाच्या किती बायका घरी बसतात, हे आमच्या पेठेतल्या बायकांना विचारा.

सध्या आई रात्री साडेआठला शेजारच्या अक्कांबरोबर गल्लीत फेऱ्या मारते. अक्का तेलुगूत बोलतात, आई मराठीत, आणि दोघींचे सगळे एकमेकींना कळते. एक फेरी झाली की आई ओट्यावर एक चिंचोका ठेवते, कारण विड्या मोजण्याची सवय हातातून गेलेली नाही. कमरेला खोचलेल्या पिशवीत साखरेची पुडी असते. मी सोबत गेलो तर दोघींच्या गप्पा थांबतात, म्हणून मी ओट्यावर बसून वह्या तपासतो. काल अकरा चिंचोके होते. अक्कांचे म्हणणे, बारा.