साय कोणी खाल्ली?

आमच्या घरी माणूस आजारी पडला तर काढा मिळतो. दूध नासलं तर चौकशी बसते.

मे महिना, अकोला, पारा 45 च्या वर. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार म्हणून दोन लिटर जास्तीचं दूध आणलेलं. गच्चीवर झोपायला जाताना हिने बजावलं, "अहो, तापवलेलं दूध परातीत पाण्यात ठेवलंय. निवलं की फ्रिजमध्ये टाका. आणि दारात नको, आत मागच्या बाजूला. दार सारखं उघडतं, तिथलं आधी नासतं."

पिशवीतलं दूध डेअरीतून 72 अंशांवर 15 सेकंद तापवूनच येतं, मग पुन्हा गॅस कशाला, हे मी ज्ञान पाजळून पाहिलं. "मग उद्याचा चहाही डेअरीतच प्या," असं उत्तर मिळालं.

एवढ्यात लाइट गेली. घामाघूम होऊन मी दहीभात संपवला आणि सहज पातेल्यावरचं ताट उचललं. बॅटरीच्या उजेडात साय अशी दिसत होती, की... हातातला चमचा धुवायचं भानच राहिलं नाही. एक चमचा. फार तर तीन. वर साखर भुरभुरवली. मग दूध आणखी निवू दे म्हणून गच्चीवर गेलो, आणि कोंबडं आरवेपर्यंत तिथेच होतो.

सकाळी अर्धवट झोपेत पळीभर दूध चहात घातलं. चहा फाटला.

पहिला आरोपी आलं. "आधी पाण्यात उकळायचं असतं, कच्चं घातलं की दूध फुटतं," ही म्हणाली. मी मान डोलावली. दुसरी आरोपी लाइट. तिच्याविरुद्ध मी जोरदार साक्ष दिली. तिसरा दूधवाला, त्याला फोन लावायला मी खिशात हातही घातला.

तेवढ्यात आईने पातेलं तिरकं केलं. दूध हललं नाही.

"नासलंय कुठे? लागलंय." तिने बोटाने चाखलं. "रात्रभर कोमट राहिलं, वर विरजण पडलं. छान कवडी आलीय."

"विरजण कोणी लावलं?" हिने विचारलं.

आईने बोलायची तसदी घेतली नाही. सायीच्या मधोमध चमच्याएवढी तीन भगदाडं होती, आणि साखरेच्या उघड्या डब्यापासून परातीच्या काठापर्यंत मुंग्यांची सरळ रांग लागली होती.